आधी मोरी, मग चहा

दिवाळी अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला तेव्हा मी अंगणात सायकलची चेन पुसत बसले होते. नेतृत्वावर लिहा म्हणाल्या, इतकी वर्षं तुम्ही माणसं सांभाळलीत. मी म्हटलं, बाई, नेतृत्व म्हटलं की मला साहेबाच्या खुर्चीवरचा टॉवेल आठवतो. त्यातलं मला काही कळत नाही. नवीन माणूस दारात आला की पहिल्या अर्ध्या तासात त्याच्याशी कसं वागावं, एवढंच कळतं. आणि तेही मी कुठल्या शिबिरात नाही, सायकलवर शिकले, पन्नाशी उलटल्यावर, गुडघे कुरकुरत असताना. त्या म्हणाल्या, मग तेच लिहा. म्हणून लिहिते आहे. आवडलं नाही तर त्यांना बोला.

आधी कामाचं सांगते. मी अकोल्याच्या एमआयडीसीतल्या एका डाळ मिलमध्ये कामगारांचं खातं बघत होते. राहायला अमरावती, रोज बडनेऱ्याहून गाडी पकडायची. माणसं शोधून आणायची, ती टिकवायची, त्यांची भांडणं सोडवायची, कोणाच्या घरी लग्न आणि कोणाच्या घरी मयत हे लक्षात ठेवायचं, हे माझं काम. बिल्ल्यावर इंग्रजीत मोठं पद छापलं होतं. मिलमध्ये सगळे शैलाताई म्हणायचे.

तूर शेतातून येते आणि डाळ होऊन पोत्यात जाते, एवढंच बाहेरच्यांना ठाऊक असतं. मधे बरीच उठाठेव असते. तूर चाळायची, तेलाचा हात लावून वाळवायची, भरडायची, टरफल उडवायचं. एवढं करूनही डाळीत काळ्या डागाचे, अर्धवट सालीचे दाणे राहतातच. ते पूर्वी बायका सुपात घेऊन निवडायच्या. मग मालकांनी सॉर्टर घेतला. कपाटापेक्षा उंच मशीन. वरून डाळ पातळ धारेत घसरत येते, कॅमेरे दाणा न दाणा बघतात आणि डागी दाणा दिसला की हवेचा झोत त्याला बाजूला उडवतो. बघत बसावंसं वाटतं. चालवायला मात्र शिकलेला माणूस लागतो. हवा कमी पडली की डाग राहतात, जास्त झाली की चांगली डाळही उडून जाते.

मालकांना सगळे नाना म्हणत. काळ्या जमिनीतल्या शेतकरी घरातले, मनानं मोठे आणि आवाजानं त्याहून मोठे. त्यांनी ते मशीन एका मोठ्या खरेदीदाराच्या भरवशावर घेतलं होतं. त्याला स्वच्छ डाळ पाकिटात भरून हवी होती. निवडणाऱ्या बायका मग पॅकिंग हॉलमध्ये पाकिटं भरू लागल्या. बसून काम, डोक्यावर पंखा, त्या खूश होत्या. पण सगळं त्या मशीनवर टांगलेलं. मशीन चाललं तर हॉल चालणार आणि हॉल चालला तर त्यांच्या चुली पेटणार.

आणि मशीन चालवायला माणूस टिकेना.

पहिला ऑपरेटर इंदूरचा होता. नानांनी गेटवर हार घातला, पेढा भरवला, फोटो काढले, भाषण केलं. तिथपर्यंत ठीक होतं. पण आमच्याकडे पाहुणा एकदा पाहुणा झाला की त्याची सुटका नसते. तो मशीनजवळ गेला की कोणीतरी खुर्ची आणायचं. पाना हातात घेतला की कोणीतरी तो काढून घ्यायचं, बसा ना जी, आमी हावो ना. दुपारी एकाच्या घरी रोडगे आणि वांग्याची भाजी, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या घरी, वर आग्रह करकरून वाढणं. आठवडाभरात तो गेला. मी फोन केला. बिचारा अदबीनं बोलला. "मॅडम, इज्जत बहोत मिली. काम नहीं मिला."

मला हसू आलं, पण नीट समजलं नाही. नानांना सांगितलं तर ते चिडले. म्हणाले, आजकालच्या पोरांले माया नाही समजत. नागपूरकडून दुसरा आला. त्याला हार दुप्पट मोठा. तो तर न सांगताच गेला. मग नानांनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांचा आवाज खाली आला की मला भीती वाटायची, आणि तेव्हा तो अगदी खाली होता. खरेदीदारानं सांगून टाकलं होतं की आता एकदाच थांबतो. तिसरा माणूस टिकला नाही तर मशीन परत आणि हॉलला कुलूप.

"ताई, त्या बायांले मी कोणत्या तोंडानं सांगू?" ते म्हणाले.

तिसरी एक मुलगी मिळाली. रूपाली, बार्शीटाकळीची, आयटीआय झालेली, पुण्याच्या एका कारखान्यात असल्याच मशीनवर हात बसलेला. वडिलांच्या आजारपणामुळे गावी परतली होती. सोमवारी येते म्हणाली. त्याआधी माझी रजा होती आणि त्या रजेत माझी सायकलची मोठी फेरी ठरलेली होती.

सायकलचं खूळ मला माझ्या मैत्रिणीनं लावलं. मंगला, शाळेत शिक्षिका, घर आमच्याच गल्लीत. सकाळी फिरायला म्हणून सुरू झालं. मग एकदा मोझरीपर्यंत गेलो आणि आश्रमाच्या पायरीवर बसून दोघी लहान पोरींसारख्या हसत सुटलो. नवरा म्हणाला, पडली-बिडली तर मले फोन करू नको, मी उचलणार नाही. आणि मग फोन चार्ज आहे का म्हणून तीनदा विचारायचा. या वेळी आम्ही दर्यापूर, अकोट करत अकोल्याकडे जाऊन मोठा वळसा घालून परत येणार होतो. थंडी सरत आली होती, दुपारचं ऊन चावायला लागलं होतं.

वाटेतल्या एका गावी मंगलाचा जुना विद्यार्थी राहत होता. गावाचं नाव सांगत नाही, माणसं फार प्रेमळ आहेत. त्यानं सगळ्यांना कळवून ठेवलं होतं. आम्ही पोचलो तर वेशीवर शाळेची पोरं रांगेत, सरपंच हार घेऊन उभे, माइक लावलेला. आम्हाला सायकलवरून उतरवलं ते थेट खुर्चीवर. गळ्यात हार, हातात नारळ, समोर भाषण. दोन पन्नाशीच्या बाया सायकलवर आल्या याचं त्यांना खरंच कौतुक होतं. मला तेव्हा फक्त एकच गोष्ट हवी होती. सकाळपासून पाण्याच्या दोन बाटल्या संपवलेल्या आणि वाटेत आडोसा नाही. समोर सगळे पुरुष बसलेले. विचारायचं कोणाला आणि कसं? मंगलाकडे पाहिलं तर तिचा चेहरा विटेसारखा लाल. भाषणात ती आदर्श नारी होती आणि खुर्चीत पाय आवळून बसली होती. मग जेवण, जेवणात आग्रह, आग्रहानंतर फोटो. कशीबशी एका बाईला खुणेनं विचारलं तर ती म्हणाली, हो हो, जाऊ, आधी चहा तर घ्या.

त्या दिवशी आम्ही एक गोष्ट ठरवली, आणि ती चुकीची होती. पाणीच कमी प्यायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी मंगलाच्या पोटऱ्यांत गोळे आले, डोळ्यांपुढे अंधारी आली. मी तिला रस्त्याकडेच्या एका शेतात नेलं. तिथं एक माळ्याचं कुटुंब राहत होतं, घराभोवती झेंडू आणि शेवंती. ओट्यावर एक बाई फुलांचा ढीग घेऊन हार ओवत होती. भागाबाई नाव, ते नंतर कळलं. आम्हाला पाहून ती उठली नाही. सुई चालूच.

"मोरी मांगं हाये," ती म्हणाली. "बाल्टीत पाणी हाये. चपला घालूनच जाजा, काटे हायेत."

मी सांगते, आयुष्यात मला इतकं सुंदर वाक्य कोणी ऐकवलं नाही. आम्ही परत आलो तोवर तिनं बाज मांडवाखाली ओढली होती. सायकली सावलीत घ्या म्हणाली, उन्हानं हवा फुगते. मंगलाला मीठ-साखर घातलेलं पाणी दिलं आणि पड म्हणाली. कुठून आलात, कशासाठी फिरता, घरी कोण कोण, एक प्रश्न नाही. मंगला झोपली. मी बाजेच्या कडेला बसून राहिले, उगीच अवघडल्यासारखी. तिनं माझ्याकडे एक नजर टाकली आणि सुईदोरा पुढं केला.

"हे घ्या, ओवा. रिकाम्या हातानं बसलं का जीव घाबरते."

तिला काही मोठं शिकवायचं नव्हतं. लग्नाचे हार न्यायला टेम्पो येणार होता आणि तिला हात कमी पडत होते. पण मी ओवायला लागले आणि दहाएक फुलांतच माझा जीव निवला. मग चहा झाला, मग गप्पा झाल्या, मग तिनं माझा हार पाहून तो उसवला आणि पुन्हा ओवायला लावला. मला राग यायला हवा होता. उलट बरं वाटलं. निघताना तिनं पुढं पुलाचं काम चालू आहे, डावीकडच्या रस्त्यानं जा, तिकडं कुत्रं आहे पण चावत नाही, एवढं सांगितलं आणि आम्ही वळायच्या आत पुन्हा ढिगाजवळ बसली.

त्या रस्त्यावर मला इंदूरचा ऑपरेटर आठवला. सायकल चालवताना डोक्यात विचार हळूहळू येतात, पण आले की बसतात. त्याला आम्ही हार घालून खुर्चीत बसवलं होतं आणि त्याच्या हातातला सुईदोरा काढून घेतला होता. मग मला आणखी एक आठवलं आणि मी ब्रेकच दाबला. आमच्या मिलमध्ये बायकांचं संडास अगदी मागं, बॉयलरपलीकडे. कडी तुटलेली. आणि कुलपाची चावी वॉचमनकडे. हॉलमधल्या बायका कित्येक महिने पुरुषाकडे चावी मागत होत्या, आणि कितीतरी जणी पाणीच पीत नव्हत्या. इंदूबाई, त्या हॉलची मुकादम, मला दोनदा म्हणाली होती. मी दोनदा मॅनेजरसाहेबांना सांगितलं होतं आणि त्यांनी दोनदा मान हलवली होती.

शनिवारी मी रजा मोडून मिलमध्ये गेले. नाना म्हणाले, काय झालं? मी म्हटलं, हॉलच्या बाजूची रिकामी खोली बायकांच्या मोरीसाठी द्या, प्लंबर बोलवा, आतून कडी लावा, कुलूप नको. आणि सोमवारी हार, पेढा, भाषण काही नाही. कोणी खुर्ची आणायची नाही. तिच्या हातातलं कोणी काही घ्यायचं नाही.

खोलीचं त्यांनी लगेच मान्य केलं. हाराचं ऐकून मात्र त्यांचा चेहरा असा पडला की मलाच वाईट वाटलं.

"म्हणजे आता माणसाले हारबी नाही घालाचा का?"

मी म्हटलं, घाला ना, पण ती आपली झाल्यावर. हार त्यांनी आधीच सांगून ठेवला होता, हे मला नंतर कळलं. सोमवारी तो त्यांच्या टेबलाच्या खणात होता.

सोमवारी रूपाली स्कूटीवर आली. बारीक, चष्मेवाली, ओढणी घट्ट बांधलेली. मी आधी तिला स्कूटी सावलीत लावायची जागा दाखवली, मग नवीन मोरी, मग पिशवी अडकवायचा खुंट, डबा कुठं खायचा, पाणी कुठलं प्यायचं, आणि कोणाच्या शिव्यांकडे लक्ष द्यायचं नाही. ती ऐकत होती. मोरीची कडी तिनं एकदा लावून पाहिली. मग मशीनजवळ नेलं आणि म्हटलं, हे तुझं. मी केबिनमध्ये जाऊन बसले. बसले कसली, काचेतून बघत होते.

तिनं मशीन सुरू केलं आणि डाळ आली ती डागांसकट. इंदूबाईनं मूठभर हातात घेऊन पाहिली आणि परत टाकली. हॉलमधल्या सगळ्या बायकांचे हात थांबले. ही तिसरीही गेली तर हॉलला कुलूप, हे त्यांच्याही कानावर आलं होतं. नाना वरच्या जिन्यात उभे होते, तेही बघत होते. रूपाली मशीनच्या मागं गेली, पुढं आली, पुन्हा मागं गेली. स्टोअरवाल्याशी काहीतरी बोलली. मला हातवाऱ्यांवरूनच कळलं तो काय म्हणत असेल. बसा ना मॅडम, संध्याकाळपर्यंत मागवतो, चहा घ्या.

दुपारच्या सुट्टीनंतर इंदूबाई माझ्या दारात आली. तिचा चेहराच सांगत होता.

"ताई, पोट्टी नाही दिसून राहिली. पिशवी बी नाही खुंटावर."

मी धावत बाहेर गेले. सावलीतली जागा रिकामी. स्कूटी नाही. गेटवर विचारलं तर दुपारपाळीचा वॉचमन म्हणाला, मी तर आत्ताच आलो. फोन लावला, उचलला नाही. मी तिथंच गेटजवळच्या दगडावर बसले. सांगायला लाज वाटत नाही, मला रडू आलं. एवढा शहाणपणा केला, माणसाचा साधा सत्कार होऊ दिला नाही, आणि ती अर्धा दिवससुद्धा टिकली नाही. नाना खाली आले. मला वाटलं, आता म्हणतील, मी सांगितलंच होतं. ते नुसते माझ्याजवळ येऊन उभे राहिले. त्यांच्या मागं हॉलमधल्या बायका दारात येऊन उभ्या. त्यांच्यातल्या एकीनं पदर तोंडाला लावला होता.

तेवढ्यात स्कूटीचा आवाज आला. रूपाली. हँडलला एक रबरी नळी गुंडाळलेली, तोंड घामानं भिजलेलं. आम्हा सगळ्यांना गेटवर पाहून तीच घाबरली.

"काय झालं?" तिनं विचारलं. हवेची नळी जॉइंटजवळ चिरली होती. स्टोअरवाला संध्याकाळ म्हणाला, म्हणून ती पिशवी उचलून, स्वतःचे पैसे घालून नळी आणायला बाजारात गेली होती. सकाळच्या वॉचमनला सांगून गेली होती. त्याची पाळी संपली आणि तो निरोप स्वतःबरोबर घरी घेऊन गेला. फोन पिशवीत होता, गाडी चालवताना ती उचलत नाही.

ती सरळ मशीनच्या मागं गेली, खाली बसली, जुनी नळी काढली. नवी लावायला तिला दुसरा हात हवा होता. तिनं मान वर केली. सगळ्यात जवळ नाना उभे होते.

"नाना, हे पकडा जरा. घट्ट. सोडू नका," ती म्हणाली.

आणि मिलचे मालक, पांढरा सदरा, सोन्याची अंगठी, मशीनच्या मागं उकिडवे बसून नळी धरून राहिले. स्टोअरवाला धावत आला, नाना, मी धरतो ना, तुमी बसा. नाना त्याच्यावर असे खेकसले की तो दोन पावलं मागं गेला. मी त्यांना आयुष्यात इतकं खूश पाहिलं नव्हतं. हातभर काळं लागलं होतं आणि तोंडावर हसू मावत नव्हतं.

मशीन सुरू झालं. डाळ आली. इंदूबाईनं मूठ भरली, खिडकीजवळ नेली, उघडून पाहिली. मग तिनं ती मूठ शेजारणीच्या हातात दिली आणि ती तिसरीच्या. हॉलमध्ये पुन्हा बोलण्याचा गलका सुरू झाला आणि तो गलका ऐकून माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. नाना वर गेले आणि खणातला हार घेऊन आले. मला वाटलं, आता हिच्या गळ्यात पडतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, थोडे घुटमळले आणि हार मशीनला घातला. रूपाली म्हणाली, कॅमेऱ्यावर नका येऊ देऊ. त्यांनी मुकाट्यानं सरकवला.

रूपाली टिकली. खरेदीदारही टिकला. हॉल आजही चालू आहे. पुढं मिलमध्ये एक नियम झाला, कुठं लिहिलेला नाही. नवीन माणूस आला की आधी मोरी, मग जागा, मग काम, मग चहा. इंदूबाईला तो माझ्यापेक्षा पक्का पाठ आहे आणि ती तो मोठ्या साहेबांनाही लावते. आता वॉचमन पाळी बदलताना निरोपही देतात.

एक हळहळ आहे. निवृत्त झाल्यावर मी आणि मंगला मुद्दाम भागाबाईकडे गेलो. तिला हे सगळं सांगायचं होतं. रस्ता रुंद झाला होता आणि तिथं घर नव्हतं, मांडव नव्हता, मागची मोरीही नव्हती. चौकशी केली, कोणी म्हणालं अकोटकडे गेले, कोणाला ठाऊकच नव्हतं. मी आधी यायला हवं होतं. मंगला म्हणाली, तिला आपण आठवणारही नाही, किती येत असतील. तरी मला वाईट वाटायचं ते वाटलंच.

गेल्या महिन्यात मी सायकलनं अकोल्याला गेले आणि न कळवता मिलमध्ये शिरले. रूपाली आता त्या विभागाची प्रमुख आहे. मशीनजवळ ताट मांडीवर घेऊन डाळ तपासत होती. मला पाहून ती उठली नाही.

"सायकल आत घ्या ताई, तिथं ऊन येते," ती म्हणाली. "मोरी तुमाले ठाऊक हाये."

मी तोंड धुऊन आले तर तिनं बाजूला स्टूल ओढून ठेवलं होतं. बसले तशी तिनं ताट अर्धं माझ्या मांडीवर सरकवलं. यात डाग किती वाटतात पाहा म्हणाली, माझे डोळे थकले. मी चष्मा पुसून दाणे निवडायला लागले. तेवढ्यात नाना आले. अरे, ताई आल्या आणि मले कोणी सांगितलं नाही, म्हणत त्यांनी एकाला हार आणि पेढे आणायला पिटाळलं. तो निघालाच होता.

"काहून नाना," रूपाली मान वर न करता म्हणाली, "घरच्या माणसाले हार घालतेत का?"

नाना थांबले. निघालेल्या माणसाला त्यांनी परत बोलावलं आणि चहा सांगितला. मग आणखी एक स्टूल ओढून तेही आमच्या ताटाशी बसले.